डावीकडे गाडी होती

रोल धुतला तेव्हा रात्रीचे अकरा.
न्हाणीघर, बल्बाला पतंगाचा लाल कागद,
बायकोनं बादल्या बाहेर काढून दिलेल्या,
आणि बेळगावात कर्फ्यू.
तेविसावी फ्रेम पाण्यात वर आली:
आधी केस, मग बुबुळं,
मग मुठीतला दगड.
मागे खडेबाजारातली एक पाटी, निम्मी डांबर फासलेली.
कुठल्या लिपीतली, ते आता विचारू नका.
त्या आठवड्यात दोन्ही लिप्यांच्या फासल्या होत्या.

एसटी बंद. मी एम-एटीवर कोगनोळीपर्यंत गेलो
पाकीट शर्टाच्या आत,
पोटाच्या घामानं कोपरा दुमडलेला.
कोल्हापूरच्या पेपरानं फोटोखाली ओळ दिली,
'संतप्त सीमावासी तरुण'.
हुबळीच्या पेपरानं तोच फोटो छापला,
'बाहेरून आलेले पुंड'.
पैसे दोन्हीकडून आले,
पस्तीस आणि चाळीस.
चाळीस कुणी दिले ते सांगत नाही,
अजून या गावात राहतो मी.

वाचनालयात तेव्हा एक जाड परदेशी मासिक यायचं,
सहा महिने उशिरा, कुणीतरी बायकांची पानं फाडून नेलेलं.
बैरूत, बेलफास्ट,
सगळीकडे असाच हात, असाच दगड.
आपल्याही गावाचा एक असावा, असं वाटायचं मला.
खरं सांगायचं तर
फार वाटायचं.

पोलिसांनी कात्रण चौकीच्या भिंतीला लावलं.
मोनाप्पा, वय एकोणीस, हिंडलग्याला बावीस दिवस.
मी अख्खी प्रिंट घेऊन गेलो होतो एकदा.
चौकीसमोर चहा प्यालो,
दुसरा प्यालो,
आणि घरी आलो.

कारण डावीकडे गाडी होती.
दुसऱ्या फाटकाचा चढ, रताळ्यांनी भरलेला हातगाडा,
मागे मागे येणारा,
आणि त्याला खांदा लावून एक बाई.
पोरगा चाकाला उटी लावायला दगड घेऊन पळत होता.
हे मला शटर दाबतानाच दिसलं होतं.
संपादकांनी कापलं असं मी बरीच वर्षं सांगितलं लोकांना.
पण काँटॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीची रेघ आहे,
गाडीच्या दांड्याला चाटून गेलेली, सरळ,
आणि ती माझीच.
माझ्या रेघा सरळच येतात.

नंतर मी पुष्कळ काढले,
वडगावच्या मागांवर डुलकी घेणारे विणकर,
दुकानात एका तोंडानं दोन भाषांत घासाघीस करणाऱ्या जावा,
मोहरमच्या सरबताच्या रांगेत गणपतीचे ढोलवाले.
ते कुणी मागितले नाहीत.
खोक्यात आहेत, वाळवी लागली थोडी.

परवा मोनाप्पा आला.
टक्कल, हाताला वेल्डिंगचे डाग.
मला वाटलं, आता विचारणार.
तो चप्पल काढून बाकाच्या कडेला बसला.
"आई गेली ओ, दहा दिस झाले.
तिचा फोटूच न्हाई घरात.
कुणीतरी सांगटलं, तुमच्याजवळ हाय."

निगेटिव्ह शोधायला दुपार गेली.
प्रिंट ओली होती तेव्हाच त्यानं हातात घेतली.
बाईचं तोंड अर्धं वळलेलं, उघडं.
काय म्हणत होती, मी विचारलं.
"हिडी रं, लेका. हिडी!"
गाडी धर, असं.
निम्मं कानडी, निम्मं आमचं,
बाजारात ती तसंच बोलायची म्हणे, आणि झोपेतसुद्धा.

मग म्हणाला, "मला काढा यातनं.
तिला एकटीला ऱ्हाऊ दे."
पेन्सिल टेबलावरच होती.
मी म्हटलं, सापडत नाही.

त्यानं स्वतःवर अंगठा ठेवला,
दगडासकट झाकलं,
आणि बराच वेळ डावीकडे बघत राहिला.
किती द्यायचे, म्हणाला तेव्हा
मी नळ बंद करायला आत गेलो होतो.
नळ बंदच होता.